वहीत लिहिलं तिथे

बार्बलाच्या बेकरीत पावांपुढे ज्या छोट्या पाट्या उभ्या असतात, त्यांतली एकही तिने स्वतः लिहिलेली नाही. राय नावाच्या धान्याचा पाव, अक्रोडाचा केक, नाताळातला सुक्या नाशपातीचा पाव, सगळी नावं मेंजियाच्या हातची. गोल, सरळ, एका रेषेत बसलेली अक्षरं. मेंजियाने आमच्या वाल्पुना गावच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे पन्नाशीच्या आतला गावातला प्रत्येक माणूस तिला बाई म्हणतो आणि ती समोर आली की खिशातले हात बाहेर काढतो. बार्बलाचं अक्षर मात्र कुणाला दाखवण्यासारखं नाही. पंधराव्या वर्षी ती बापाच्या भट्टीपुढे उभी राहिली आणि अडुसष्टाव्या वर्षीही तिथेच उभी आहे. बोटं भाजून भाजून जाड झालेली, पेन त्यांत नीट बसत नाही. शाळेत दोघी एका बाकावर होत्या. मेंजिया तिच्या वह्या पुऱ्या करून द्यायची आणि बार्बला दप्तरातून गरम पाव आणायची. हा सौदा साठ वर्षं चालू आहे आणि दोघींपैकी कुणाचीही त्याबद्दल तक्रार नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे. हवा, पाद्रीबुवा, बसचं वेळापत्रक, सुपात जव किती घालावेत, या विषयांवर दोघींना भांडताना ऐकणं ही आमच्या गावातली एक करमणूकच आहे.

गेल्या नोव्हेंबरात मेंजियाने नाताळच्या पाट्या लिहून आणल्या. बार्बलाने त्या खणात ठेवल्या. चार दिवसांनी मेंजिया पुन्हा आली, त्याच पाट्या पुन्हा नव्याने लिहून. “घे गं, यंदा उशीरच झाला मला,” म्हणाली. बार्बलाने त्याही घेतल्या आणि त्याच खणात ठेवल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी तिने दाराकडे एकदा पाहून घेतलं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मग एप्रिल आला. ईस्टर झाला की बेकरी पाच दिवस बंद असते, हे गावाला पाठ आहे. दाराला पाटी लागते, तीही अर्थात मेंजियाच्या हातची, आणि दोघी पाठीवर पिशव्या टाकून डोंगरात जातात. स्कीच्या तळाला केसाळ कातडी चिकटवायची, म्हणजे चढताना बर्फावर पाय मागे घसरत नाही. खिंड चढायची, माथ्यावर कातडी सोलून अंगरख्याच्या आत ऊब मिळेल अशी ठेवायची, आणि पलीकडे घसरत उतरायचं. रोज एक खिंड, रोज रात्री डोंगरातला एक निवारा. यंदाचं छत्तिसावं वर्ष होतं. मेंजियाचा नवरा होता तेव्हाही त्याला कधी यांनी सोबत नेलं नाही. तो बिचारा अकरा वर्षांपूर्वी गेला. बार्बलाने लग्नच केलं नाही. विचारलं तर म्हणते, पहाटे दोनला उठणारी बायको कुणाला हवी असते.

निघायच्या आदल्या रविवारी मेंजियाची मुलगी ब्रायदा झुरिकहून आली होती. आईला भेटून परत जाताना ती बेकरीत शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

“बार्बलामावशी, तू पाच दिवस तिच्यासोबत असणार आहेस.”

“छत्तीस वर्षं असते.”

“मला खरं काय ते सांग आल्यावर. डॉक्टरांपुढे ती अशी बोलते की त्यांचीच परीक्षा चाललीय असं वाटतं. पण गॅस चालू राहतो, मावशी. मला एकाच दिवशी तीन फोन करते, तिन्ही वेळा तेच सांगायला.” ब्रायदाने हातातली पिशवी खाली ठेवली. “माझ्या घराजवळ एक चांगली जागा आहे, म्हाताऱ्या माणसांसाठीच. जूनमध्ये तिथे खोली रिकामी होतेय. मला कळत नाहीये मी घाई करतेय की उशीर. तू जे म्हणशील ते मी मानेन. आणि तिला ह्यातलं काही बोलू नकोस.”

बार्बलाने तिला रायचा पाव बांधून दिला आणि बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पोर वाईट नव्हती, आईवर तिचा जीव होता. पण बस गेली तेव्हा बार्बलाच्या लक्षात आलं की मेंजिया स्वतःच्या घरात राहणार की नाही, हे आता आपल्या तोंडातून निघणाऱ्या एका शब्दावर आलंय. असला अधिकार तिने आयुष्यात कुणाकडे मागितला नव्हता.

पहिले दोन दिवस बार्बला डोळ्यांत तेल घालून होती. मेंजिया पुढे, ती मागे. खरं तर दोघीही सुखाने चालत होत्या. हवा निवळलेली, पहाटेचा बर्फ काचेसारखा कडक, कातड्यांचा तेवढा एकसारखा आवाज. पहिल्या दिवशी मेंजिया आपला काळा चष्मा शोधत राहिली आणि तो तिच्या टोपीवरच होता. ते काही नाही, चष्मा बार्बलाचाही हरवतो. दुसऱ्या दिवशी चढताना तिने विचारलं, “पाद्रीबुवांच्या गुडघ्याचं काय झालं गं?” बार्बलाने सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. माथ्यावर केक खाताना पुन्हा. तिन्ही वेळा बार्बलाने तेच उत्तर तितक्याच उत्साहाने दिलं, आणि तिसऱ्या वेळी उत्साह जरा जास्तच झाला. पण त्याच दुपारी मेंजियाने उतारावर काठी खुपसली, फिरवली, बाहेर काढून बघितली आणि म्हणाली, “इथून नको. वरचा थर सुटा आहे. त्या दगडांच्या कडेने उतरू.” त्यांच्यामागून आलेले दोन तरुण सरळ उतरले आणि त्यांच्या पायांखालून तो थर खरोखरच घसरला. थोडाच, गुडघाभर. पोरं हसत उठली, पण चेहरे पांढरे झाले होते.

आता ही बाई विसरते म्हणायची की नाही? बार्बलाला काही कळेना.

त्या संध्याकाळी दोघी कुर्दिनच्या निवाऱ्यात पोचल्या. कुर्दिन तिथला रखवालदार, पंचेचाळीस वर्षांचा दांडगा माणूस, एकेकाळी मेंजियाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. त्याने दोघींना स्टोव्हजवळची जागा दिली, लोकरीच्या चपला आणून दिल्या आणि जवाचं सूप वाढलं.

“बाई, सूप कसं झालंय?”

“मीठ कमी आहे. आणि कोपर टेबलावरून काढ.”

कुर्दिनने कोपर काढलं. टेबलाशी वीसएक माणसं होती, ती हसली, आणि कुर्दिन सगळ्यांत मोठ्याने.

जेवण झाल्यावर वही आली. आमच्याकडे प्रत्येक निवाऱ्यात ही वही असते आणि तीत लिहिल्याशिवाय कुणी झोपत नाही. नाव, गाव, कुठून आलो, उद्या कुठे जाणार. माणूस आला नाही तर शोधायला जाणारे आधी ती वही उघडतात. बार्बलाला हे इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. तिचा थोरला भाऊ जोन चोविसाव्या वर्षी एका निवाऱ्यातून निघाला. वहीत लिहिलं होतं पूर्वेचं खोरं. सकाळी हवा छान दिसली म्हणून तो पश्चिमेला गेला आणि लिहिलेलं तसंच राहिलं. गावातली माणसं तीन दिवस पूर्वेचा बर्फ उकरत होती. तो जूनमध्ये सापडला, पश्चिमेला. बर्फात अडकल्यावर निदान एक दिवस तरी तो जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी बार्बलाच्या आईसमोर म्हणायला नको होतं. तेव्हापासून बार्बलाचा एकच नियम आहे. वहीत लिहिलं तिथेच जायचं.

वही अर्थातच मेंजियाने लिहिली. दोघींची नावं, गाव, आणि मग ती उठून आभाळ बघायला बाहेर गेली. कुर्दिन वही उचलायला आला, वाचता वाचता थांबला.

“मारेना? बाई उद्या मारेनाला चालल्यात?”

बार्बलाने मान वळवून वही पाहिली. जायचं होतं प्लान सुराच्या निवाऱ्याला. गेली अठरा वर्षं तिसऱ्या दिवशी त्या प्लान सुरालाच जातात. त्याआधी, तरुण होत्या तेव्हा, जायच्या मारेनाला. पण मारेना खिंडीच्या पलीकडची हिमनदी वितळत वितळत खाली गेली, जिथे बर्फ थेट खिंडीला टेकायचा तिथे आता नुसता खडक उघडा पडलाय, आणि तिकडे आता सहसा कुणी फिरकत नाही. वहीत मात्र, गोल सरळ अक्षरांत, मारेना लिहिलेलं होतं.



“प्लान सुरा म्हणायचं असेल,” कुर्दिन हळू आवाजात म्हणाला. “चुकून...”

आता टेबलाशी बसलेले दोघेतिघे बघायला लागले होते. त्या वीस माणसांतले अर्धे तरी आमच्याच खोऱ्यातले. एका रेघेने मारेना खोडायचं आणि वर प्लान सुरा लिहायचं, एवढंच काम होतं. पण ते मेंजियाच्या अक्षरावर, वीस माणसांसमोर, तिच्याच विद्यार्थ्याच्या पेनने. उद्या दुपारपर्यंत ही गोष्ट खाली बसच्या थांब्यापर्यंत पोचली असती, आणि परवा झुरिकला.

“चुकून कशाला?” बार्बला म्हणाली. “मारेनालाच जातोय. छत्तिसावं वर्ष आहे, जुनी वाट एकदा बघावी म्हटलं.”

“पलीकडे दोर लागतो आता, मावशी. वीसेक मीटर. वर खडकात कडी ठोकलीय.”

“दोर आहे की. शोभेला आणलाय काय?”

कुर्दिनने वही मिटली. “सातच्या आत खिंडीत पोचा,” म्हणाला. “पलीकडे ऊन लवकर येतं.”

सकाळी स्की बांधताना बार्बला शक्य तितक्या सहजपणे म्हणाली, “आज मारेनाला जाऊ या का? मला वाटलं आपलं.”

मेंजिया वाकलेली होती, ती तशीच थांबली. “तुला वाटायला कधीपासून लागलं?” म्हणाली, आणि बूट खटकन बसवून चालू लागली.

खिंडीत पोचायला आठ वाजले. दोघींचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते आणि बार्बला मध्येच दोनदा विनाकारण थांबली, मनात परत फिरायचे विचार चालले होते म्हणून. माथ्यावरून पलीकडे डोकावली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. जिथे पूर्वी त्या गप्पा मारत स्की घालून उतरायच्या, तिथे काळा उभा खडक होता, त्यावर पाणी चमकत होतं, आणि खाली, बरंच खाली, बर्फ सुरू होत होता. ऊन केव्हाचं आलेलं. एका म्हातारीची लाज राखायला दोन म्हाताऱ्यांचा जीव टांगणीला लावलास, असं ती स्वतःला म्हणाली. परत फिरणं अजून शक्य होतं, मागचा उतार सावलीत होता. पण परत फिरायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मेंजियाने एकही प्रश्न विचारला नाही. तिने कडी शोधली, हातोडीने दोनदा वाजवून आवाज ऐकला, दोर सोडवला. हातमोजे काढून ठेवले. आणि मग तिचे हात चालायला लागले. आत, वळसा, मागून पुढे, ताण. बार्बलाच्या कमरेशी गाठ मारली, दुसरी कडीशी, तिसरी स्वतःशी. एवढ्या वेळात तिने दोराकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, ती खालचा बर्फ न्याहाळत होती.

बार्बला कमरेची गाठ चाचपू लागली. पुन्हा चाचपली. मग वाकून कडीची बघितली, आणि परत आपली. वर पाहिलं तर मेंजिया तिच्याकडेच बघत होती.

“बघितलीस?”

“बघितली.”

“दोनदा?”

“दोनदा.”

“बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

“मग लटक आता,” मेंजिया म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, आणि तेच बार्बलाला लागलं. पस्तीस वर्षांत तिने मेंजियाची गाठ कधी तपासली नव्हती.

ती कड्यावरून मागे झुकली. दोर ताणला गेला, थोडा कुरकुरला, आणि वरून सावकाश, हातहात सुटू लागला. न अडखळता. खडक नाकासमोरून वर जात होता, पाणी मानेवर टपकत होतं, आणि बार्बलाच्या मनात आलं, हिच्यावर नजर ठेवायला मी आलेय, आणि माझं सत्तर किलो वजन हिच्या हातात आहे. ती घाबरली नाही, याचं तिलाच नवल वाटलं. पाय बर्फाला टेकले तेव्हा तिला रडू येत होतं, पण ओरडून “पोचले” म्हणायचं होतं, म्हणून तिने ते गिळलं. मग मेंजिया दुहेरी दोरावरून उतरली, दोर ओढून घेतला, गुंडाळला, आणि म्हणाली, “वजन वाढलंय तुझं.”

“पिशवीतला केक आहे तो.”

“केक काल संपला, बार्बला.”

खरंच संपला होता.

खालचा उतार मात्र देवाने दोघींसाठी राखून ठेवल्यासारखा होता. रात्रभर गोठलेला बर्फ वरून बोटभर मऊ झालेला, ना कडक ना चिखल. हे असं तासभरच टिकतं, आणि त्या तासात तुम्ही नेमके तिथे असाल तर समजावं की वर्षाचं सार्थक झालं. मेंजियाने काठ्या उचलल्या आणि निघाली. बार्बला तिच्या शेजारून. एक वळण डावीकडे, एक उजवीकडे, तिच्या रेघेला आपली रेघ लावून, सगळं खोरं समोर उघडं. दोघींच्या वयाची बेरीज एकशे सदतीस. खाली थांबल्या तेव्हा दोघींना धाप लागली होती आणि मेंजियाचे गाल शाळकरी पोरीसारखे लाल झाले होते. वर बघितलं तर दोन रेघा, साठ वर्षांच्या शेजारणी, एकीचं वळण जरा गोल, दुसरीचं जरा वेडंवाकडं.

“ही तुझी,” मेंजिया वाकड्या रेघेकडे काठी दाखवत म्हणाली.

“हो गं, बरोबर,” बार्बला म्हणाली.

मेंजियाचं हसू जरा कमी झालं. ती पुढे निघाली.

मारेनाचा निवारा म्हणजे एक लाकडी खोली. रखवालदार नाही, किल्ली खिडकीच्या वरच्या फटीत. आत चार पलंग, स्टोव्ह, फोडलेली लाकडं, आणि फळीवर वही. दुपारचा एक वाजला होता. बार्बला स्टोव्ह पेटवायला बसली. मेंजियाने वही काढली, मागची पानं चाळली, पेनचं टोपण उघडलं. आणि मग काही लिहिल्याचा आवाज येईना.

“काल वहीत मी काय लिहिलं होतं?” तिने विचारलं.

बार्बला राखेत फुंकर घालत होती. ती घालतच राहिली.

“बार्बला.”

“मारेना.”

“आणि जायचं होतं प्लान सुराला.”

“हो.”

“म्हणजे मी चुकले आणि माझी चूक खरी करायला तू त्या कड्यावरून लोंबकळलीस.”

“वहीत लिहिलं होतं ना. मग तिथेच जायचं.”

“खोडायचं होतंस.”

“कुर्दिनसमोर? सगळ्या खोऱ्यात झालं असतं.”

मेंजिया हसायला लागली. मग तिचं हसणं थांबलं. “खोडलेलं चालतं गं,” ती म्हणाली. “सदतीस वर्षं पोरांना दुसरं काय शिकवलं मी? चुकलं की एक रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं, लाजायचं नाही. जोनने ती रेघ मारली असती तर तीन दिवस कुणी भलतीकडे उकरलं नसतं.”

बार्बलाने मागे वळून पाहिलं. जोनचं नाव एवढं सरळ तिच्यासमोर कुणी घेत नसे. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

“ब्रायदाने तुला विचारलंय ना, माझ्याबद्दल?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तूच. साठ वर्षांत तू मला एकदाही ‘हो गं, बरोबर’ म्हणाली नाहीस. या तीन दिवसांत सात वेळा म्हणालीस. माझं डोकं जातंय ते जाऊ दे, पण तेवढं मोजण्याइतकं आहे अजून.” तिने पेन खाली ठेवलं. “आता खरं सांग. तिला सांगायच्या आधी मला. किती विसरते मी?”

स्टोव्ह पेटला होता. बार्बला गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि तिच्यासमोर बसली. गोड बोलायची तिला सवय नव्हती, आणि खोटं बोलून आता कंटाळा आला होता.

“पाद्रीबुवांचा गुडघा तीनदा विचारलास. रस्ते जुने आठवतात, नवे नाही. फोन परत परत करतेस. नाताळच्या पाट्या दोनदा लिहिल्यास.”

“दोनदा?”

“चार दिवसांच्या अंतराने.”

“काय केलंस मग त्यांचं?”

“दोन्ही ठेवल्यात खणात.”

मेंजियाने खिडकीबाहेर पाहिलं. “मला कधी कधी कळतं,” ती म्हणाली. “आणि कधी कळत नाही, ते जास्त वाईट. स्वयंपाकघरात उभी असते आणि कशाला आलेय ते माहीत नसतं. घर रिकामं असलं की विचारायचं कुणाला?” तिने डोळे पुसले, रुमाल शोधला नाही, हातानेच. “झुरिकला खिडकीतून काय दिसेल कोण जाणे.”

“तू झुरिकला गेलीस तर मी भांडू कुणाशी?” बार्बला म्हणाली. “मला नाही जमायचं ते, मेंजिया. सरळ सांगते. भट्टीच्या वरची खोली रिकामी आहे. गॅस नाही तिथे, सगळं खाली. मी दिवसरात्र घरातच असते. ये तिथे.”

“पहाटे दोनला खडखडाट सुरू होतो तुझा.”

“होतो.”

“एक दिवस मी तुझं नावही विसरेन.”

“विसर. पावांसारखी पाटी लावून फिरेन मी.”

“आणि ती लिहिणार कोण?”

मग मेंजियाने पेन उचललं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. वहीही.

“लिही,” म्हणाली.

“अगं, माझं अक्षर...”

“माहितीये तुझं अक्षर. लिही. यापुढे वही तू लिहायची. मी चुकले तर शोधणारे भलतीकडे जातील. आणि ब्रायदाला मी सांगणार, मी स्वतः. तू मध्ये पडायचं नाहीस.”

बार्बलाने हात मांडीवर पुसले. पेन चार बोटांत धरलं. आधी स्वतःचं नाव. मग मेंजियाचं, ते तिने आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं आणि त्याला वेळ लागला. गाव, वाल्पुना. कुठून आलो, कुर्दिनचा निवारा. शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली. मारेनाहून वाट खाली उतरते, आणि उद्या दुपारी माणूस एक दिवस आधीच गावात पोचतो.

“कुठे लिहू?”

“घरी लिही.”

बार्बलाने घरी लिहिलं. अक्षर रेघेच्या खाली गेलं. मग तिने जरा थांबून, जिथे अजिबात जागा उरली नव्हती तिथे, त्याच्यापुढे एकेक अक्षर ठोकत आणखी लिहिलं, भट्टीवर. ओठ मिटून, पहिलीतल्या पोरासारखं. आणि वही फिरवून समोर ठेवली.

मेंजियाने चष्मा लावला. सवयीने बोट ओळीखालून फिरवत तिने ते वाचलं, दोनदा वाचलं. बार्बला स्टोव्हकडे बघत बसली होती, ती काय म्हणते त्याची वाट बघत.

“अक्षर भयंकर आहे,” मेंजिया म्हणाली. तिने वही मिटली आणि वर हात ठेवला. “पण वहीत लिहिलंयस. आता जायलाच हवं.”